जूनमधला हिवाळा

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. फायनल इयरची शेवटची सबमिशन्स चालू होती. माझा रूम पार्टनर एक रंगीत कागद नाचवत रूमवर आला. वर बर्फाच्या डोंगराचं चित्र, खाली कॅनडातल्या एका स्की रिसॉर्टचं 'ऑफर लेटर'. डिसेंबर ते मार्च लिफ्ट ऑपरेटरची नोकरी, राहणं-खाणं फुकट! शहरातल्या एका एजंटनं 'फाइल चार्ज' म्हणून पंचाऐंशी हजार घेतले होते, आणखी दीड लाख व्हिसा आल्यावर. "अरे, बाबांनी गाडी विकली त्यासाठी," तो म्हणाला. मीही खूश झालो, टपरीवर त्याच्याकडून पार्टी घेतली. गणपतीत त्या एजंटचं ऑफिस बंद झालं ते आजतागायत बंद आहे.

त्यानंतर साधारण वर्षानं, जून २०२५ मध्ये, मी खरोखरच एका स्की रिसॉर्टवर लिफ्ट ऑपरेटर म्हणून उभा होतो. कॅनडात नव्हे, ऑस्ट्रेलियात. मी त्याच्यापेक्षा हुशार होतो असं अजिबात नाही (एम-थ्रीला त्याला माझ्याहून वीस मार्क जास्त). फरक एवढाच, की मी क्रम उलटा धरला. त्यानं आधी नोकरी शोधली आणि मग व्हिसाची वाट पाहिली. मी आधी व्हिसा मिळवला आणि मग नोकरी शोधली. आणि नशीब, ते तर होतंच. होस्टेलवर आल्यापासून निदान दहा पोरांनी हेच विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

स्की रिसॉर्ट हा चार महिन्यांचा धंदा. बर्फ पडला की एकदम शेकडो माणसं लागतात : लिफ्टवर, किचनमध्ये, खोल्या साफ करायला, बूट आणि स्की भाड्यानं द्यायला. बर्फ वितळला की ही माणसं नकोत. चार महिन्यांसाठी परदेशातून माणूस आणायचा, त्याच्या व्हिसाची कागदपत्रं करायची, हे भांडी धुण्याच्या कामासाठी कोण करणार? त्यामुळे रिसॉर्ट घेतात ती मुलं ज्यांच्या खिशात काम करण्याचा परवाना आधीच आहे, म्हणजे बहुतेक 'वर्किंग हॉलिडे' जातीच्या व्हिसावर आलेली. हे व्हिसे दोन देशांच्या आपसातल्या करारावर चालतात. करार नसेल तर तुमची स्कीइंगची सात सर्टिफिकेटं असली तरी उपयोग नाही.

आता आपला पासपोर्ट कुठे चालतो ते बघू. कॅनडाची अशी योजना आहे, इंटरनॅशनल एक्सपीरियन्स कॅनडा, पण तिच्या देशांच्या यादीत भारत नाही. मग उरतो तो मालकानं सरकारकडून मंजुरी काढून द्यायचा परवाना. त्या मंजुरीची फी एक हजार कॅनेडियन डॉलर, ती मालकानंच भरायची असते आणि कामगाराकडून वसूल करता येत नाही. म्हणजे माझ्या पार्टनरच्या 'फाइल चार्ज'ला तिथल्याच कायद्यात जागा नव्हती. हे आम्हाला नंतर कळलं.

अमेरिकेचा जे-वन समर वर्क ट्रॅव्हल व्हिसा कॉलेजच्या मुलांसाठी आहे खरा, पण तो स्वतःच्या देशातल्या उन्हाळी सुट्टीत वापरायचा. गंमत बघा, पेरू, चिली, अर्जेंटिनाच्या पोरांची उन्हाळी सुट्टी डिसेंबर ते मार्च असते, म्हणून ती कोलोरॅडोच्या बर्फात कामाला जातात. आपली सुट्टी येते तेव्हा कोलोरॅडोत बर्फ वितळलेला असतो! युरोपचं थोडक्यात सांगायचं तर तिथल्या रिसॉर्टना युरोपियन पोरं आयती मिळतात.

राहिला ऑस्ट्रेलिया. तिथे हिवाळा जूनमध्ये सुरू होतो. न्यू साउथ वेल्समधलं पेरिशर आणि थ्रेडबो, व्हिक्टोरियातलं फॉल्स क्रीक, माउंट हॉथम आणि माउंट बुलर ही तिथली मोठी नावं. सीझन जूनच्या दुसऱ्या सोमवारच्या राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीला धरून उघडतो आणि बर्फ टिकला तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. भारत आणि ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये व्यापार करार झाला, त्यातून भारतीयांना 'वर्क अँड हॉलिडे' म्हणजे सबक्लास ४६२ व्हिसा खुला झाला. वर्षाला १००० जागा, बारा महिन्यांचा मुक्काम, वय १८ ते ३० आणि बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण.

जागा सोडतीनं भरतात. पहिली सोडत ऑक्टोबर २०२४ मध्ये होती. नाव नोंदवायला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, एक पासपोर्ट आणि एक पॅन कार्ड, बस्स. ना एजंट, ना शिफारस. पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास नावं आली होती. एक हजार भागिले चाळीस हजार, हे गणित तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा कृपा करून या भरवशावर कॅम्पस प्लेसमेंट सोडू नका. आम्ही रूममधले तिघं नोंदणीला बसलो, त्यात माझ्या पार्टनरकडे पॅन कार्डच नव्हतं. "नंतर करू रे, आता पुन्हा पैसे कुठे घालू," असं म्हणून तो उठून मेसला गेला. तिघांत नंबर माझा लागला. त्याला ही बातमी सांगायला मी दोन दिवस लावले.

नंबर लागल्यावर व्हिसाचा अर्ज करायला मोजकेच दिवस मिळतात, म्हणून कागद आधीच तयार ठेवा. इंग्रजीचा पुरावा लागतो, आयईएलटीएस दिलीत तर सरासरी ४.५ पुरते. आपल्यातल्या कुणालाही जमेल, फक्त परीक्षेची तारीख वेळेत घ्या. खात्यात सुमारे ५००० डॉलर दाखवायचे असतात, म्हणजे आपले पावणेतीन लाखांच्या घरात. इथे माझी खरी अडचण झाली. आमची पाटण खोऱ्यात अडीच एकर जमीन. अण्णांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. सही करताना एवढंच म्हणाले, "पोरा, बर्फ बघून ये, पण हप्ता ऑगस्टपास्नं चालू होतोय."

नोकरीचे अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच करायचे. जूनमध्ये तिथे पोहोचून दारं ठोठावली तर काम कदाचित मिळेल, पण राहायला खोली मिळणं महाकठीण. अर्ज थेट रिसॉर्टच्या स्वतःच्या साइटवर करायचा, फुकट असतो. रेझ्युमे एक पानाचा. त्यावर फोटो नको, वडिलांचं नाव नको, जन्मतारीख नको, आणि खालचं 'आय हियरबाय डिक्लेअर' तर अजिबात नको. मी मोठ्या ऐटीत सीजीपीए, प्रोजेक्ट, अॅन्सिस वगैरे लिहून अकरा ठिकाणी पाठवलं. एकाचंही उत्तर नाही. मग ते सगळं दोन ओळींत कोंबलं आणि वर लिहिलं : होस्टेल मेस सेक्रेटरी, १८० मुलांची रोजची जेवणाची व्यवस्था, दोन वर्षं. तीन ठिकाणांहून बोलावणं आलं!

मुलाखत व्हिडिओवर होती. तिकडचे सकाळी दहा म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. रेंज फक्त गच्चीवर, म्हणून रेक्टरसरांची परवानगी काढून गच्चीवर बसलो. बाईंनी स्कीइंग येतं का हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसं वागशील? मी रविवारच्या फीस्टला पनीर संपल्याची कथा सांगितली. पहाटे उठता येतं का, असंही विचारलं. मी म्हटलं, आत्ता आमच्याकडे किती वाजलेत ते बघा. त्या हसल्या, आणि मला वाटतं काम तिथेच झालं. (ज्यांना स्कीइंग शिकूनच जायचंय त्यांच्यासाठी गुलमर्ग आणि मनालीच्या सरकारी संस्थांमध्ये कोर्स आहेत, पण या कामाला त्याची अट नसते.)

मी अर्ज केला होता कृत्रिम बर्फ करणाऱ्या टीमसाठी, मिळालं लिफ्ट. पहाटे साडेपाचला फावडं घेऊन चढायच्या जागेवरचा बर्फ साफ करायचा, खुर्च्या झाडायच्या, स्टॉपचं बटण, फोन आणि सेफ्टी गेट तपासून रजिस्टरमध्ये सही करायची, मग रिकामी लिफ्ट एक फेरी फिरवायची. लोक येऊ लागले की दिवसभर एकच काम : खुर्ची धरायची, माणूस बसवायचा, पोर दिसलं की वेग कमी करायचा. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण मेकॅनिकलवाल्यांनो, ती लिफ्ट एकदा बघाच. दोरावर सेकंदाला पाच मीटर वेगानं येणारी खुर्ची स्टेशनात शिरली की तिची पकड दोरापासून सुटते, टायरच्या रांगेवर तिचा वेग माणूस सहज बसेल इतका कमी होतो, आणि बाहेर पडताना पुन्हा दोराच्या वेगाला आणून पकड बसवतात. दोर मात्र क्षणभरही थांबत नाही.

आणि तो कृत्रिम बर्फ! थर्ड इयरला रेफ्रिजरेशनच्या सरांनी सायक्रोमेट्रिक चार्ट वाचायला लावला तेव्हा आपण सगळ्यांनी तो एकमेकांचा बघून उतरवला. तिथे अख्खं रिसॉर्ट त्या चार्टवर चालतं. बर्फाची तोफ कधी चालवायची हे साध्या तापमानावर ठरत नाही, वेट बल्बवर ठरतं. तो साधारण उणे दोन-अडीचच्या खाली हवा. एका रात्री पारा उणे एकवर होता, पण दाट धुकं. हवेत आधीच पाणी भरलेलं, फवाऱ्याच्या थेंबांचं बाष्पीभवन होईना, मग ते गार कसे होणार? तोफा बंद. दोन दिवसांनी पारा शून्याच्या वर एक, हवा मात्र कोरडी ठणठणीत, आर्द्रता चाळीसच्या आसपास. वेट बल्ब उणे अडीचच्या खाली उतरला आणि काठावर का होईना, तोफा सुरू! थेंबाचा थोडा भाग वाफ होऊन जातो, जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जातो. शिवाय नळीतून दाबाखालची हवा पाण्याबरोबर सुटते, ती प्रसरण पावताना इतकी थंड होते की बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात आणि बाकीचे थेंब त्यांच्याभोवती गोठतात. त्या टीमचा मुख्य ड्यूटीवर नसलेल्यांना जवळ फिरकू देत नसे, पण मी चार्टवरचं एक उत्तर बरोबर दिल्यावर दोन रात्री बरोबर नेलं. सर, उशिरा का होईना, समजलं.

आता पैशांचं, कारण तोच प्रश्न जास्त येतो. १ जुलै २०२५ पासून तिथलं राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, आणि कॅज्युअल कामगाराला त्यावर पंचवीस टक्के जास्त. ऐकायला भारी वाटतं. पण तासांची हमी नसते. जूनमध्ये बर्फच कमी होता, निम्म्या लिफ्ट बंद, माझ्या वाट्याला आठवड्याला पंधरा-सोळा तास आले. खोलीचं भाडं मात्र पगारातून दर आठवड्याला कापलं जायचं, काम असो वा नसो. एका खोलीत चौघं (आपल्याला सवय आहे!). तो महिना मी भात-डाळीवर काढला आणि अण्णांना फोनवर "सगळं मस्त" असं सांगितलं. जुलैत बर्फ आला, तास पस्तीसवर गेले. पहिला हप्ता वेळेत गेला, कर्जाइतके पैसे सप्टेंबर संपता संपता जमले. वर फार काही उरलं नाही. तेव्हा श्रीमंत व्हायला जाणार असाल तर जाऊ नका.

कर भरण्यासाठी टॅक्स फाइल नंबर लागतो. तो तिथल्या करखात्याकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. या व्हिसावर पहिल्या ४५,००० डॉलरपर्यंत पंधरा टक्के कर, पण तुमच्या मालकानं तशी नोंदणी केलेली हवी. नाहीतर तीस टक्के कापतात, म्हणून रुजू होतानाच विचारा. मालक पगाराशिवाय बारा टक्के सुपर म्हणजे आपल्या पीएफसारखं भरतो. देश सोडल्यावर ते परत मागता येतं, पण त्यावर पासष्ट टक्के कर आहे. शंभरातले पस्तीस हातात. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही, सीझन त्याच्या आत संपतो. बारमध्ये दारू द्यायचं काम असेल तर आरएसए नावाचा छोटा कोर्स आधी करावा लागतो. आरोग्य विमा इथूनच काढून न्या, तिथल्या सरकारी दवाखान्याची सवलत आपल्याला नाही. आणि पासपोर्ट कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका.

सुट्टीच्या दिवशी मी खाली जिंडाबाइन गावात जायचो. डोंगराखालचं हे गाव तलावाच्या काठावर आहे. तिथेच कळलं की हे नवं गाव. जुनं जिंडाबाइन १९६७ मध्ये स्नोई प्रकल्पाच्या धरणाखाली गेलं. आमच्या आजोबांचं गाव शिवसागरच्या पाण्याखाली आहे. त्या काठावर मी बराच वेळ बसलो. घरी फोन लावून आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांना जमिनी मिळाल्या का रे?"

२०२५ च्या दिवाळीत परत आलो. पार्टनरच्या तक्रारीची पोलिसांत नोंद आहे, पंचाऐंशीपैकी वीस हजार परत मिळाले. आपल्याकडच्या १९८३ च्या कायद्यानं परदेशात कामगार पाठवणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे, ती ईमायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येते, आणि कामगाराकडून तीस हजार अधिक जीएसटी याच्या वर घेता येत नाही. आम्ही ती दोन मिनिटं घालवली नाहीत, पार्टी केली. परवा त्याचा फोन आला. पॅन कार्ड आलंय, पुढच्या सोडतीची तारीख लागली की कळव म्हणाला. आणि विचारत होता, माझे बर्फातले बूट त्याला होतील का. त्याला नऊ नंबर लागतो, माझे आठचे आहेत.