म्हातारं झाड काढून टाक

करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा

चि. सोनू हिस,


तुझं जाड पाकीट पोचलं. गोष्ट वाचली, मग रात्री जेवणं झाल्यावर तुझ्या मामीला मोठ्यानं वाचून दाखवली. सोबतच्या चिठ्ठीत बँकेची नोकरी सोडून मुलांसाठीच लिहायचं मनात आहे असं तू लिहिलंस. ताईचा फोन त्याआधीच येऊन गेला होता, त्यामुळे मला धक्का बसला नाही. आधी गोष्टीचं बोलतो, नोकरीचं मागाहून.

खार कावळ्याला बनवते तिथपर्यंत गोष्ट फक्कड पळते. मामी तर हसली, आणि ती उगाच हसणाऱ्यांतली नाही. मग ते म्हातारं झाड येतं आणि पानभर बोलत बसतं. सोनू, ते झाड म्हणजे मीच की! जिल्हा परिषदेतला निवृत्त मास्तर. त्याला काढून टाक. शाळेत आम्ही तात्पर्य इतकं घोकून घेतलेलं असतं की गोष्ट संपायच्या आत पोरं एका सुरात ‘खोटं बोलू नये’ म्हणतात आणि खिचडीच्या घंटेकडे कान लावतात. कावळ्याच्या फजितीबद्दल मात्र सुट्टीतसुद्धा बोलतात. पोरांना काय हवं असतं ते यातून समज.

तू म्हणशील, ‘श्यामची आई’त उपदेशच आहे की. आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ते पुस्तक लिहून काढलं, ते १९३५ मध्ये छापून आलं आणि अजून घरोघर आहे. पण तिथे प्रत्येक शिकवणीची श्यामला काहीतरी किंमत मोजावी लागते. पोहायला भिऊन तो लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो. उपदेश झाडाच्या तोंडून येत नाही, अंगावर उठलेल्या वळांतून येतो. तुझ्या खारीला काय भोगावं लागलं? काहीच नाही. ती भाषण ऐकून सुधारली. असं कुणी सुधारत नाही. पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत तरी मी पाहिलं नाही.

आता भा. रा. भागवत. तू लहानपणी आमच्या कपाटातला फास्टर फेणे पळवून नेलास तो परत आलाच नाही, म्हणून त्यांचंच उदाहरण देतो. जन्म १९१०, इंदूरचा. फेणे तयार व्हायच्या आधी आणि नंतरही या माणसानं दुसऱ्याच्या गोष्टी मराठीत आणण्याचं केवढं तरी काम केलं. फ्रेंच लेखक जूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी अशा उतरवल्या की धूमकेतूवर जाणारी माणसं आपल्याच गल्लीतली वाटावीत. मला तर वाटतं, गोष्ट कुठे ताणायची, कुठे सोडायची, प्रकरण कुठे तोडायचं, हे त्यांच्या हाताला तिथेच कळलं असणार. तूही वर्षभर हेच कर. तुला आवडलेली हिंदी किंवा इंग्रजी गोष्ट घे आणि आपल्या मराठीत उतरव. छापायला नको, हात बसायला.

आणि फेणे कुठला? फुरसुंगीचा. पुण्याजवळचं खरंखुरं गाव, त्या काळी कुणाच्या खिजगणतीत नसलेलं. काडीपैलवान पोरगा, सायकल, तोंडानं ‘ट्टॉक’, आणि नसत्या भानगडीत नाक खुपसायची खोड. भागवतांनी त्याला प्रतापगडावर नेलं, काश्मीरला नेलं, पण तो फुरसुंगीचाच राहिला. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला, २०१७ मध्ये सिनेमात अमेय वाघ. त्या सिनेमात तर दिलीप प्रभावळकरांनी साक्षात भा. रा. भागवतच उभे केले. ते पाहायला भागवत नव्हते. २००१ सालीच ते गेले.

तुझ्या गोष्टीत मात्र पाइनची झाडं आहेत, धुराडं असलेलं घर आहे आणि खार ओव्हनमधून केक काढते. कुठे पाहिलंस हे? तुझं आजोळ करडी. तालुका मोहाडीचा, पण मधे वैनगंगा आडवी. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला कोक्याचं जंगल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे आजीबरोबर मोहफुलं वेचायला तू गेलेली आहेस. आजी मधूनच थांबून कानोसा का घ्यायची, आठवतं? मोहफुलं अस्वलालाही आवडतात. एक पोर, एक टोपली, अंधुक उजेड आणि झाडाच्या पलीकडून फुलं खाणारं आणखी कुणीतरी. ही गोष्ट लिहायला तुला म्हातारं झाड लागणार नाही. रोवणीच्या दिवसांत आईबरोबर बांधीत जावं लागतं म्हणून शाळा बुडवणारी पोरगी घे. मंडईच्या जत्रेत रात्री नाटक बघताना झोप लागून पडद्यामागे राहिलेला पोरगा घे. शहरातल्या पोरांना हे कळणार नाही म्हणशील, तर मला सांग, भंडाऱ्याच्या पोरांना फुरसुंगी कुठे माहीत होतं?

बोलीचं एवढंच सांगतो की पात्रांना आपल्या झाडीबोलीत बोलू दे. शब्द अडला तर साकोलीकडच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा कोश केलेला आहे, तो उघड. पण गंमत म्हणून बोली वापरू नकोस. गावातला माणूस हसण्यासाठीच पुस्तकात येतो, याचा मला फार राग आहे.

आता नोकरी. सोडू नकोस. मी भित्रा म्हणून सांगत नाही. भागवतांनी १९५१ साली ‘बालमित्र’ नावाचं मासिक काढलं. पदरमोड केली, पत्नी लीलावतीबाई सोबत राबल्या, त्या स्वतःही मुलांसाठी लिहीत. अंक चांगला होता, तरी काही वर्षांत बंद करावा लागला. आपल्याकडे मुलांचं पुस्तक स्वस्त हवं असतं, ते घेतं कोण तर बाप, आणि बाप आधी गाइड घेतो. त्यातून लेखकाच्या हाती काय येणार? साहित्य अकादमीनं बालसाहित्याला वेगळा पुरस्कार द्यायला सुरुवात केली तीच २०१० साली, त्याची रक्कम पन्नास हजार, आणि एका भाषेत वर्षाला मिळतो एकाला. त्यावर घर चालत नाही. बँकेतून पाचला सुटत असशील तर सहा ते आठ लिही. हातात पगार असला की प्रकाशकानं ‘शेवटी जरा बोध टाका’ म्हटलं तरी नाही म्हणता येतं.

पण हे काम कमी प्रतीचं आहे असं जो कुणी म्हणेल, आणि बँकेत कुणीतरी म्हणेलच, त्याला विंदांचं नाव सांग. ज्ञानपीठ मिळालेल्या या कवीनं लहान मुलांसाठी एक-दोन नव्हे, बरीच पुस्तकं लिहिली. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकंही मिळव. त्या लिहितातही आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांच्या पुस्तकात जे चित्रात दिसतं ते मजकुरात पुन्हा सांगितलेलं नसतं. तुझ्या गोष्टीत खारीच्या शेपटीचं वर्णन आठ ओळी चाललंय. चित्रकाराला काय ठेवलंस?

‘किशोर’ तुला लहानपणापासून माहीत आहे. बालभारती १९७१ पासून ते काढते, आणि जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. पहिल्या दहा वर्षांचे अंक बसून वाच. कुठल्या गोष्टी शिळ्या झाल्या आणि कुठल्या नाहीत, याची वहीत नोंद कर. शिळ्या झालेल्यांत म्हातारी झाडं किती निघतात ते मला कळव.

दिवाळी अंकाला द्यायची असेल तर गोष्ट पावसाळ्याच्या तोंडाशीच हातावेगळी व्हायला हवी. त्याआधी शनिवारी-रविवारी इकडे ये. इथल्या चौथीच्या वर्गाला सकाळच्या शाळेत ती वाचून दाखव, मी गुरुजींशी बोलून ठेवतो. तू वाचताना मी मागच्या बाकावर बसेन आणि फक्त पोरांकडे बघेन. जिथे त्यांची चुळबुळ सुरू होईल तिथे पेन्सिलीनं खूण करीन. तेवढा भाग तू काढायचास, वाद घालायचा नाही. खारीची नको, मोहफुलांची घेऊन ये.

तुझा,
मोठा मामा