शाळेच्या कुंपणास निर्गुडी

बारामती व इंदापूर तालुक्यांतील शाळांत पावसाळ्याच्या आरंभी हौसेने बागा लावल्या जातात आणि त्यांतील कित्येक मे महिन्याच्या सुटीत जळून जातात. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून ज्या गावांस मिळते, तेथे ही अडचण कमी. सुपे, मोरगावकडील जिरायती भागात मात्र सुटीत रोपांस पाणी घालणारे कोणी नसते. रंगीत पानांसाठी आणलेले क्रोटन अशा जागी प्रथम मरते. ते मूळचे पूर्वेकडील दमट बेटांवरचे. दोष त्याचा नव्हे. परंतु जूनमध्ये परतलेल्या मुलास स्वहस्ते लावलेल्या रोपाची वाळकी काडी दिसली, की वृक्षसंगोपनाचा पाठ त्यास खरा वाटत नाही.

निर्गुडी हे येथलेच बहुवर्षायू झुडूप होय. ओढ्याकाठी ते आपोआप वाढते. उग्र वासामुळे शेळ्या सहसा त्याच्या वाटेस जात नाहीत. ज्या शाळेस भिंत नाही, तिला हा गुण रंगाहूनही मोलाचा. पान वरून गर्द हिरवे व खालून रुपेरी असल्याने वारा सुटताच सबंध कुंपण रंग पालटते. फुलोरा फिकट जांभळा येतो. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथात हिचे वर्णन आहे, आणि लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावातही 'निगुंडो' हा आपलाच शब्द राहिला आहे.

पाठाच्या वेळी मुलांकडून एकेका पानाच्या पर्णिका मोजवाव्यात. कोठे तीन, कोठे पाच भरतील. नंतर भिंगातून पानाची खालची बाजू दाखवावी. तेथील दाट, बारीक लव कोरड्या वाऱ्यास अडविते व पानातील पाणी लवकर उडू देत नाही. रुपेरी रंग त्या लवेचाच.

पहिला पाऊस झाल्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या फांद्या दोन-दोन फुटांवर निम्म्या पुराव्यात. पहिल्या वर्षी हिवाळ्यात व उन्हाळ्यात मुलांच्या हात धुण्याचे पाणी तिकडे वळवावे. सुटीपूर्वी बुंध्याशी पालापाचोळा पसरावा. दिवाळीनंतर छाटणी केली म्हणजे कुंपण दाट होते. जांभळ्या पानांची हौस असल्यास टाकीजवळ काळी तुळस लावावी. तिला मात्र थोडे पाणी नेमाने लागते.

कडक उन्हाळ्यात निर्गुडीची पाने गळतात. ती मेली असे समजून उपटू नये. साल नखाने खरवडून मुलांस दाखवावी. आत हिरवे असल्यास पाऊस पडताच ती फुटते.