संगीत निर्मिती शिकवणारा गुरू कसा निवडावा? – शिक्षक आणि पालकांसाठी



दहावीचा निकाल लागला की पूर्वी पालक विचारायचे, "सर, सायन्स घेऊ की कॉमर्स?" हल्ली एखादी आई हळूच विचारते, "सर, पोरगा दिवसभर हेडफोन लावून कॉम्प्युटरवर गाणी बनवतो. त्याला म्युझिक प्रॉडक्शनचा क्लास लावायचाय. कुठला लावू?"

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलं आहे. तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून हा लेख.

माझी चूक

पंचवटीतला माझा एक विद्यार्थी ढोल पथकात वाजवायचा. सरावाचा ताल मोबाईलवर रेकॉर्ड करायचा आणि घरी त्यावर स्वतःची चाल बसवायचा. त्याच्या वडिलांना घेऊन मी एक संस्था बघायला गेलो. मोठे स्पीकर, काचेची केबिन, भिंतींना फोम. मी भारावलो आणि म्हणालो, "लावा इथेच." वडिलांनी वर्षाची फी एकरकमी भरली.

तीन महिन्यांत मुलाला सॉफ्टवेअरमधली बटणं पाठ झाली. तयार तुकडे एकापुढे एक जोडून 'गाणं' करायलाही तो शिकला. पण त्याचं ढोलाचं रेकॉर्डिंग तिथे कोणीच ऐकलं नाही. हळूहळू त्याने स्वतःचं काही बनवणंच सोडलं. फी परत मिळाली नाही. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पुढच्या वर्षी ओळखीतून एक ध्वनिमुद्रक भेटले. घरातल्या एका खोलीत त्यांचं काम चालतं. त्यांनी आधी मुलाचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आवाज फाटलाय. मोबाईल कुठे ठेवला होतास?"

"ढोलाला लागूनच."

"उद्या तीन वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून रेकॉर्ड कर. तिन्ही घेऊन ये, आपण ऐकू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा मैदानावर हजर! माईकला आवाज झेपण्याची एक मर्यादा असते. ढोलाचा ठोका त्यापुढे गेला की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात. आवाज फाटतो तो असा, आणि नंतर तो पूर्वीसारखा पूर्ण नीट करता येत नाही. म्हणून माईक लांब ठेवायचा किंवा रेकॉर्डिंगची पातळी आधीच कमी करायची. हा धडा त्याला स्वतःच्याच ढोलातून मिळाला, म्हणून तो विसरला नाही.

आपल्या नाशिकचंच एक उदाहरण

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्यांनी स्वतः मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली जुन्या गुरुकुल पद्धतीने विद्या मिळवली होती. तिथे कधी काय शिकायला मिळेल, हे गुरूच्या मर्जीवर असे. पलुस्करांनी मात्र टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम, स्वरलेखन आणि छापील पुस्तकं आणली. काय शिकायचं आणि कोणत्या क्रमाने, हे विद्यार्थ्याला आधी कळू लागलं.

उत्तरायुष्यात ते नाशिकला राहिले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे पं. डी. व्ही. पलुस्कर, २८ मे १९२१ रोजी नाशिकलाच जन्मले. १९३१ मध्ये वडील गेले तेव्हा ते अवघे दहा वर्षांचे होते. नाव मोठं होतं, पण नावाने गळा तयार होत नाही. पुढची तालीम त्यांना वडिलांच्या दोन शिष्यांकडून मिळाली: विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास. दोघंही स्वतः मैफिली गाजवणारे गवई, आणि दोघंही शिकवणारे.

यातून मी दोन गोष्टी घेतो. शिकवणारा स्वतः ते काम करणारा हवा. आणि एकाच माणसाकडून सगळं मिळेल, असा हट्ट नको. संगीत निर्मितीत चाल आणि वाद्यांची योजना, ध्वनिमुद्रण, सगळे आवाज प्रमाणात बसवणं (मिक्सिंग) आणि शेवटचा हात फिरवणं (मास्टरिंग) ही वेगवेगळी कामं आहेत. चारही कामांत मुरलेला माणूस क्वचितच भेटतो.

फी भरण्याआधी काय विचारावं?

१. "माझ्या मुलाचं काम ऐकाल का?" मुलाने बनवलेली एक गोष्ट सोबत न्या, कच्ची असली तरी चालेल. शिक्षक ती शेवटपर्यंत ऐकतात का? ऐकून मुलाला काही विचारतात का? माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

२. "तुम्ही स्वतः केलेलं काम ऐकवाल का?" त्यात नेमकं त्यांनी काय केलं, तेही विचारा.

३. "पहिल्या तीन महिन्यांत काय शिकवाल?" कागदावर लिहून मागा. त्यात फक्त सॉफ्टवेअरची नावं असतील तर सावध व्हा. 'मूल दोन गाणी पूर्ण करेल' असं काही असेल तर चांगलं.

४. "प्रत्यक्ष कोण शिकवणार?" जाहिरातीत एकाचा फोटो आणि वर्गात दुसरंच कोणी, असं नको.

५. "एक तास बसून बघू का?" तासभर माऊस कोणाच्या हातात आहे ते पाहा. तो सगळा वेळ शिक्षकाच्याच हातात असेल, तर मूल फक्त प्रेक्षक आहे.

पैसा आणि हक्क

महागडी सामग्री पहिल्या दिवशी लागत नाही. ऑडेसिटी, एलएमएमएस यांसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. साधा कॉम्प्युटर आणि बरे हेडफोन सुरुवातीला पुरतात. हेडफोनचा आवाज मात्र मर्यादेत ठेवा. कान हेच इथलं मुख्य हत्यार आहे. फी शक्यतो महिन्याची किंवा तिमाहीची भरा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे पालकांचं लक्ष जात नाही. "तुमच्या मुलाचं गाणं आम्ही प्रसिद्ध करू, इथे सही करा," असं कोणी म्हणालं तर थांबा. भारतीय करार कायदा १८७२ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करायला पात्र नसते, म्हणून सही तुमची मागितली जाईल. गाण्याचे हक्क कोणाकडे राहणार, हे वाचल्याशिवाय आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय ती करू नका.

शेवटी

पहिल्या तासानंतर मुलाला "क्लास कसा होता?" असं विचारू नका. "बरा होता" एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, "घरी येऊन काय करून बघावंसं वाटलं?" माझा तो विद्यार्थी तीन अंतरांची तीन रेकॉर्डिंग घेऊन आधी माझ्याकडे आला होता. "सर, ऐका ना, तिसऱ्यात ढोल मोकळा वाटतो!" मला फरक पटकन कळला नाही, त्याला कळला होता. गुरू बरोबर निवडला गेला, हे मला त्या दिवशी समजलं.