जायफळाचं दूध, तरी डोळा लागेना

प्रश्न : रोज जायफळ घातलेलं दूध पिऊनही रात्री एकपर्यंत झोप येत नाही. जायफळ वाढवू का? – एक वाचक, पारोळा

उत्तर : मुळीच नको. चिमूटभर ठीक, चमचाभर झालं तर मळमळ, धडधड, भ्रमही होतो. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि मे महिन्यात पारा ४४-४५ गाठणाऱ्या खानदेशात घोडं तिथंच अडतं. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत धग सोडत राहतो. जुन्या धाब्याच्या घरावर मातीचा जाड थर असे आणि उन्हाळ्यात माणसं वर उघड्यावर निजत, ते उगाच नव्हे. गच्ची असेल तर तिथं अंथरूण टाका. नसेल तर निजण्याच्या तासभर आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा. गार पाण्यानं का नाही? कोमट पाण्यानं रक्त कातडीकडे वाहतं आणि आतली उष्णता बाहेर पडते; बर्फगार पाण्यानं उलट कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात. दुपारी लवंडल्याशिवाय इथला उन्हाळा निभत नाही, असं तुम्ही म्हणाल. लवंडा की, पण तीनच्या आत आणि वीस-पंचवीस मिनिटं. दोन तासांची दुपार रात्रीच्या झोपेतूनच वजा होते. संध्याकाळचा चहाही सोडा, त्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. रात्र कशीही जावो, उठायची वेळ बदलू नका. घोरताना श्वास अडकत असेल, तर मात्र डॉक्टरांनाच दाखवा.