स्मार्ट टी.व्ही.ची वायफायला जोडणी : मुखापासून शेपटापर्यंत

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर आपण नेहमी लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा असे विषय वाचता. या वेळी विषय घरातला आहे. गट बैठकीला गेलं की उसाचं बोलणं संपल्यावर उठता उठता कोणीतरी विचारतोच, "साहेब, बिल आलं तेव्हा टी.व्ही. घेतला, पण त्याला नेट लागत नाही. काय करावं?" प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिलेले बरे, म्हणून हा लेख.

विषय करमणुकीपुरता नाही. ऊस पिकाविषयीची व्याख्याने, शिवारफेऱ्या, चर्चासत्रे आता यूट्यूबवर बघायला मिळतात. मोबाईलच्या चार बोटांच्या पडद्यावर तांबेरा आणि तपकिरी ठिपके यांतला फरक कळत नाही. तोच टी.व्ही.वर स्पष्ट दिसतो, आणि घरातली सगळी माणसं एकत्र बसून बघतात. शेतात निम्म्याहून जास्त काम करणाऱ्या आपल्या भगिनींपर्यंत माहिती पोचायची तर ती एकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये राहून चालणार नाही.

इंटरनेट घरात येते कसे?

पाटाच्या पाण्याचा हिशेब डोळ्यापुढे आणा. कंपनीची फायबरची तार हा झाला मुख्य पाट. घरात भिंतीवर बसवलेली पेटी, जिला राऊटर म्हणतात, ते झाले पाटाचे दार. राऊटरपासून टी.व्ही.पर्यंत हवेतून जाणाऱ्या लहरी, म्हणजे वायफाय, हा दांड. आणि टी.व्ही. म्हणजे शेपटाची सरी.

सरीला पाणी आले नाही तर आपण सरी उकरत बसत नाही. आधी पाटाला पाणी आहे का, दार उघडे आहे का, दांड कुठे फुटला आहे का हे क्रमाने बघतो. टी.व्ही.च्या बाबतीत मात्र बहुतेक जण सरीच उकरतात. रिमोट घेऊन तासभर बटणं दाबतात, शेवटी टी.व्ही. खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात. दोष पुष्कळदा टी.व्ही.त नसतोच.

जोडणीची रीत

कंपनी कोणतीही असो, शब्द थोडे इकडेतिकडे होतील, पण क्रम हाच :

(१) राऊटर चालू करून तीन-चार मिनिटे थांबावे. त्याला सुरू व्हायला तेवढा वेळ लागतो.

(२) रिमोटवरील घराचे चिन्ह असलेले बटण दाबून 'सेटिंग्ज'मध्ये जावे. बहुधा दातेरी चाकाचे चिन्ह असते.

(३) त्यात 'नेटवर्क' किंवा 'नेटवर्क आणि इंटरनेट' निवडून 'वायफाय' चालू करावे.

(४) आसपासच्या वायफायची नावे पडद्यावर येतील. शेजाऱ्याचेही नाव त्यात दिसेल. आपले नाव कोणते ते राऊटरच्या मागच्या चिठ्ठीवर छापलेले असते, किंवा बसवणाऱ्या माणसाने बदलून दिलेले असते.

(५) पासवर्ड टाकावा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. इंग्रजी मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते. शून्य आणि 'ओ', एक आणि लहान 'एल' यांत घोटाळा होतो. 'पासवर्ड दाखवा' असा पर्याय असल्यास तो चालू करून, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने टाकावे.

(६) 'कनेक्ट' दाबावे. 'जोडले' असा अर्थाची खूण आली की यूट्यूब उघडून एखादा कार्यक्रम लावून बघावा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पुष्कळ घरी एकाच राऊटरची दोन नावे दिसतात, एक साधे आणि दुसऱ्याच्या शेवटी 'फाईव्ह जी' लिहिलेले. याचा मोबाईलच्या ५जी शी काही संबंध नाही. एक लहर २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ गिगाहर्ट्झची, एवढाच अर्थ. २.४ ची लहर लांब जाते, भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण वेग कमी. ५ ची लहर वेगवान, पण भिंत आडवी आली की लवकर दम तोडते. टी.व्ही. आणि राऊटर एकाच खोलीत असतील तर ५ चे नाव निवडावे. मध्ये भिंती असतील तर २.४ चे साधे नाव बरे. स्वस्तातले काही टी.व्ही. फक्त २.४ चीच लहर ओळखतात. त्यांच्या यादीत दुसरे नाव दिसणारच नाही, तो बिघाड नव्हे.

जोडले, पण चालत नाही : तपासणी कशी करावी

हा भाग कात्रण करून टी.व्ही.जवळ ठेवण्यासारखा आहे. तपासणीला हत्यार एकच लागते, आपला मोबाईल. मात्र मोबाईलचा स्वतःचा डाटा आधी बंद करावा आणि तो घरच्या वायफायला जोडावा. डाटा चालू राहिला तर मोबाईल टॉवरवरून चालेल आणि आपल्याला वाटेल वायफाय ठीक आहे. हे न केल्याने निदान चुकते.

पहिली पायरी : मोबाईल घेऊन टी.व्ही.पाशी उभे राहा आणि यूट्यूब लावा. नीट चालले तर लहर तिथवर पोचते आहे. दोष बहुधा टी.व्ही.च्या बाजूला.

दुसरी पायरी : तिथे चालले नाही तर राऊटरपासून दोन पावलांवर येऊन लावा. इथे चालले तर दोष अंतराचा किंवा भिंतीचा, म्हणजे दांडाचा.

तिसरी पायरी : राऊटरजवळही चालले नाही तर दोष राऊटरमध्ये नाहीतर बाहेरून येणाऱ्या तारेत, म्हणजे पाटाचा. रिचार्ज संपला आहे का हेही बघावे.

आता प्रत्येकाचा उपाय.

*दोष टी.व्ही.चा असेल तर* टी.व्ही.चा प्लग बोर्डातून काढून एक मिनिट थांबून परत लावावा. रिमोटने बंद केलेला टी.व्ही. पूर्ण बंद होत नाही, नुसता झोपतो. त्यानंतर सेटिंगमध्ये आपल्या वायफायचे नाव 'विसरा' करून पासवर्ड नव्याने टाकावा. तारीख-वेळ बरोबर आहे का बघावे. ती चुकलेली असेल तर वायफाय जोडलेले दिसूनही कार्यक्रम उघडत नाहीत. राऊटर नवा आणि टी.व्ही. जुना असेल तर राऊटरची सुरक्षा 'डब्ल्यू.पी.ए.३' वर असल्याने जुन्या टी.व्ही.ला ती उमगत नाही. जोडणीवाल्याला सांगून ती 'डब्ल्यू.पी.ए.२ व ३' अशी मिश्र करून घ्यावी. सुरक्षा काढून वायफाय उघडे मात्र ठेवू नये.

*दोष दांडाचा असेल तर* राऊटरची जागा बदलावी. आपल्याकडे राऊटर बसतो कुठे? तार जिथून आत आली तिथेच, बहुधा माळवदाच्या कोपऱ्यात, नाहीतर लोखंडी कपाटाच्या मागे. जुन्या वाड्याच्या दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंतीत लहर मुरते. पत्रा, लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, फ्रिज, मोठा आरसा यांच्या पलीकडे ती नीट जात नाही. स्लॅबमधल्या सळ्याही तिला अडवतात. म्हणून राऊटर घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, मोकळा ठेवावा. तो दिसायला नको म्हणून टी.व्ही.च्या मागे खोचणे किंवा देवळीत ठेवून पडदा सोडणे टाळावे.

जागा बदलूनही भागत नसेल तर राऊटरपासून टी.व्ही.पर्यंत सरळ लॅनची तार ओढावी. हा दांड पक्का, फुटायची भीती नाही. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते, घरात एवढी लांबी लागतच नाही. टी.व्ही.च्या मागे तिचे भोक आहे का, हे आधी बघून मगच तार विकत घ्यावी.

*दोष पाटाचा असेल तर* राऊटरवरचे दिवे बघा. फायबरच्या बऱ्याच पेट्यांवर 'एल.ओ.एस.' असा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे तारेतून येणारा प्रकाश तुटला. गळीत हंगामात हे जास्त दिसते. उसाने उंच भरलेल्या ट्रॉलीत रस्त्यावर लोंबणारी तार अडकते आणि अर्ध्या गावाचे नेट जाते. इथे घरात काही करण्यासारखे नाही, जोडणीवाल्याला कळवावे. फायबर म्हणजे केसाएवढी काच आहे. तुटलेले टोक हाताळू नये, त्यात डोळा घालून बघू नये, आणि घरातली तार खिळ्यावर काटकोनात वाकवू नये. ट्रॉली भरणाऱ्या आणि वाहतूकदार सभासदांनीही उंची बेताची ठेवावी ही विनंती.

मोबाईलवरून टी.व्ही. चालवणाऱ्यांसाठी हिशेब

ज्या वस्तीवर तार पोचलेली नाही तिथे मोबाईलचा 'हॉटस्पॉट' चालू करून टी.व्ही. जोडता येतो. रीत वरचीच, फक्त राऊटरच्या नावाऐवजी मोबाईलचे नाव निवडायचे. नाव दिसत नसेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडावे.

पण हिशेब बघा. स्वच्छ चित्राला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वेग लागतो. तासाचे सेकंद ३,६००. म्हणजे १८,००० मेगाबिट. आठाने भागले की २,२५० मेगाबाईट, म्हणजे तासाला सव्वादोन जी.बी. दिवसाला दीड जी.बी.चा रिचार्ज असेल तर चाळीस मिनिटांत खलास. मग संध्याकाळी पावसाचा अंदाज बघायलाही नेट उरत नाही. यासाठी यूट्यूबमध्ये चित्राची प्रत ४८० वर उतरवावी. चित्र थोडे मळकट दिसेल, पण डाटा बराच वाचेल. उलट ४के प्रतीला १५ मेगाबिट धरले तरी तासाला पावणेसात जी.बी. लागतात. फायबर नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

विजेचे

वीज गेल्यावर टी.व्ही. इन्व्हर्टरवर चालतो, पण राऊटर साध्या बोर्डावर असल्याने बंद पडतो, आणि आपण म्हणतो नेट गेले. राऊटरसाठी लहान बॅटरीची पेटी मिळते. ती घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर जेवढे व्होल्ट छापले असतील तेवढ्याचीच घ्यावी. वळवाच्या विजा कडकडू लागल्या की टी.व्ही. आणि राऊटर दोन्हींचे प्लग बोर्डातून काढावेत. बटण बंद करून भागत नाही.

सर्वांत महत्त्वाचे : जोडणीसाठी कोणालाही पैसे व ओ.टी.पी. देऊ नये

वरचे सगळे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

टी.व्ही. जोडला जात नाही म्हणून माणूस मोबाईलवर कंपनीचा मदत क्रमांक शोधतो. तिथे भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. फोन उचलणारा गोड बोलतो, "तुमचा टी.व्ही. अॅक्टिव्हेट करावा लागेल, दहा रुपये भरा," म्हणून एक लिंक पाठवतो. नाहीतर मोबाईलमध्ये एक अॅप घ्यायला सांगतो. त्या अॅपने आपल्या मोबाईलचा पडदा त्याला तिकडे बसून दिसतो. मग बँकेचा ओ.टी.पी. आपण न सांगताही त्याला वाचता येतो.

आता विचार करा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत द्यायची असते, आणि ती आपल्या बँक खात्यावर जमा होते. त्याच खात्याला तोच मोबाईल जोडलेला. बारा-अठरा महिने राबून पिकवलेल्या उसाचे पैसे दहा रुपयांच्या नादात जातील. सोसायटीचे कर्ज मात्र तसेच उभे राहील.

म्हणून ध्यानात घ्या : टी.व्ही. वायफायला जोडायला कसलीही फी नसते. यूट्यूब बघायला 'अॅक्टिव्हेशन' नसते. मदत क्रमांक शोधायचा तर टी.व्ही.सोबत आलेल्या पुस्तिकेत किंवा पावतीवर शोधावा. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता, वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. रात्र झाली म्हणून सकाळची वाट बघू नये.

थोडक्यात

१. मुखापासून तपासा : आधी तार, मग राऊटर, मग लहर, शेवटी टी.व्ही.

२. मोबाईलचा डाटा बंद करून वायफायची परीक्षा घ्या.

३. राऊटर मधोमध, उंच आणि मोकळा. जवळ असेल तर ५, लांब असेल तर २.४.

४. हॉटस्पॉटवर चित्राची प्रत ४८०.

५. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, पण भिंतीवर लिहू नका. आपल्या जोडणीवरून दुसऱ्याने काही गैर केले तरी पहिली विचारपूस आपल्याकडेच होते.

६. पैसे नाही, ओ.टी.पी. नाही, अनोळखी अॅप नाही.

घरात आठवी-नववीतली मुले असतील तर हा लेख त्यांच्या हाती द्यावा. रिमोट त्यांच्याकडे आणि बँकेचा मोबाईल आपल्याकडे, अशी वाटणी केली तर काम लवकर होईल आणि सुरक्षितही होईल. एवढे करून अडचण राहिलीच, तर गट बैठकीला येताना राऊटरवरच्या दिव्यांचा फोटो काढून आणावा, म्हणजे दोष कुठे आहे ते बघून सांगता येईल. पुढील अंकात पुन्हा आपल्या उसाकडे वळू, खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी.