घरातील उपग्रह-दूरदर्शन : तारांचे नियोजन

भारतात उपग्रह-दूरदर्शनचा 'साइट' हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसवून वर्षभर कार्यक्रम दाखविले गेले. त्या वेळच्या तबकडीचा व्यास सुमारे तीन मीटर होता. आता साठ-सत्तर सेंटिमीटरची तबकडी पुरते आणि एका घरात दोन-तीन संच असतात. तबकडी बसविण्याचे काम थोड्या वेळात उरकते. परंतु तारांचा विचार घर बांधताना केला नसेल, तर नवा गिलावा फोडण्याची पाळी येते. म्हणून कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही या विषयाची तोंडओळख असणे इष्ट होय.

प्रथम जागेचा विचार करू. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहासाठी पुण्यातील तबकडी आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर रोखावी लागते. त्या दिशेला नारळाचे झाड किंवा शेजारची इमारत आड येत नाही, हे आधी पाहावे.

तबकडीच्या पुढे 'एलएनबी' नावाचे छोटे यंत्र असते. ते आलेल्या लहरींची वारंवारता ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणते व संदेशाची शक्ती वाढवून तो तारेत सोडते. त्याच तारेतून घरातील सेट-टॉप बॉक्स वर वीज पाठवितो. १३ व्होल्ट दिल्यास एलएनबी उभ्या ध्रुवणाच्या लहरी घेते, १८ व्होल्ट दिल्यास आडव्या. आता एकाच तारेला साधा फाटा फोडून दोन बॉक्स जोडले, तर एक १३ मागेल आणि दुसरा १८! दोघांना एकाच वेळी हवे ते मिळणार नाही. म्हणून दोन वा चार तोंडांची एलएनबी घ्यावी व प्रत्येक संचासाठी स्वतंत्र तार आणावी, हा या कामातला पहिला नियम.

दुसरा नियम लांबीचा. यासाठी ७५ ओहमची 'आरजी-६' तार वापरतात. २००० मेगाहर्ट्झच्या आसपास तिच्यात दर १०० मीटरला सुमारे ३० डेसिबल घट होते. दर तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते; म्हणजे १० मीटरवर निम्मी, २० मीटरवर पाव आणि ३० मीटरवर एक-अष्टमांश उरते. घरगुती अंतराला एवढे चालते. पण पावसाळी ढगांनी मूळ संदेशच क्षीण झाला, की लांब तारेच्या खोलीतले चित्र आधी तुटते. तेव्हा मार्ग शक्य तितका जवळचा असावा आणि मध्ये जोड नसावा.

भिंतीत तार थेट न गाडता नळीतून न्यावी, म्हणजे पुढे ती बदलता येते. विजेच्या तारांची नळी वेगळी ठेवावी. तार काटकोनात मुडपू नये. सात-आठ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण द्यावे. घरात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोल ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथेच ठिबकते. बाहेरील जोडणीवर जलरोधक टोपण हवे.

शेवटचा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. तबकडीचा खांब आणि तारेचे बाह्य आवरण जाणकार वायरमनकडून घराच्या अर्थिंगला जोडून घ्यावे. तरीही थेट पडणाऱ्या विजेपासून याने पूर्ण संरक्षण मिळत नाही. वादळाची चिन्हे दिसताच बॉक्सची तार व प्लग काढून ठेवावा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्यांना हात लावू नये.

घराच्या नकाशावर पाण्याचे नळ व विजेचे दिवे आपण आधी आखतो. त्याच कागदावर या तारांच्या रेघाही ओढाव्यात आणि त्यांपुढे लांबी लिहावी. गवंडी येण्यापूर्वी एवढे केले, तर पुढचा बराचसा खर्च आणि मनस्ताप टळतो.