अभयारण्याची जमीन कोणाची?

नवलाख उंबरे हे मावळातले गाव. एका अंगाला शेते आणि डोंगर, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत. समजा, तेथील एखाद्या डोंगरावर उद्या अभयारण्य घोषित झाले, तर तो डोंगर सरकारी मालकीचा झाला काय? तुम्ही चटकन ‘हो’ म्हणाल. पण घोषणा वेगळी आणि मालकी वेगळी. मालक कोण, ते सातबाराच्या उताऱ्यावर पाहावे लागते.

सोलापूरकडचे उदाहरण घ्या. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौ. कि.मी.! त्यात गावे होती, बाजारपेठा होत्या आणि बहुतेक जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची होती. वनखात्याच्या हाती होते ते नान्नजसारखे गवताळ माळांचे तुकडे. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. तिला मोकळा माळ हवा. शेतकऱ्याला, पाणी पोचताच, तेथे ऊस हवा. जमीन त्याची, नांगर त्याचा. दोष कसा द्यायचा? उलट जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आल्याने त्याचा रोष पक्ष्यावरच गेला. २०१० नंतरच्या दशकात हे अभयारण्य सुमारे १,२२२ चौ. कि.मी.पर्यंत घटवण्यात आले. तोवर माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला होता.

आता कर्जत तालुक्यातील रेहेकुरी पाहा. (हे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातले, आपल्या घाटाखालचे नव्हे.) काळविटांचे हे अभयारण्य १९८० चे. क्षेत्र अवघे २.१७ चौ. कि.मी., पण वनजमीन. तेथे गवत राखता येते. मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा थोडे गणित करू. हे क्षेत्र चौरस मानले, तर बाजू सुमारे १.४७ कि.मी. भरते. म्हणजे आत कोठेही उभे राहा, जवळची हद्द पाऊण कि.मी.च्या आतच! काळवीट चरता चरता ती ओलांडतो आणि शेजारच्या पिकात शिरतो. तेथे मालक पुन्हा शेतकरीच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानासाठी जमिनीवरील सर्व हक्क राज्य सरकारकडे यावे लागतात. अभयारण्यात मात्र लोकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. २००३ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने आणखी दोन वाटा उघडल्या. सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून, ‘संवर्धन राखीव’ करता येते; खाजगी वा सामूहिक जमिनीवर, मालक आपणहून पुढे आले तर, ‘सामूहिक राखीव’. दोन्हींच्या समित्यांत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी बसतात.